वीतभर गोधडी

जुन्या वस्त्रास सहजासहजीं मरण येऊं द्यावयाचें नाहीं, ही आपल्याकडील गृहिणींची जुनी रीत. ९ वारांचें लुगडें विटलें म्हणजे त्यांतून बाळाचें दुपटें निघावयाचें. धोतर विरलें म्हणजे तें गोधडीच्या पोटांत जावयाचें. आणि अगदींच चिंध्या झाल्या म्हणजे त्यांचें पोतेरें व्हावयाचें. या रीतींत काटकसर होती हें खरें. परंतु केवळ काटकसरच असती, तर लाल चौकोनाशेजारीं हिरवा चौकोन शोधून लावण्याची यातायात कोणी कशाला केली असती?

हा प्रश्न आम्हां चार भावंडांस पडावयास एक कारण घडलें. गेल्या वर्षीं आमची आजी निवर्तली. तिच्या पेटींत एक जुनें इरकली लुगडें निघालें. अंग सुताचें, पदर तांबड्या रेशमाचा. अंग ठिकठिकाणीं विरलें होतें. पदर व कांठ तेवढे धड होते. तें कोणी घ्यावें? ताईचें म्हणणें, त्यास कात्री लावणें म्हणजे आजीच्या आठवणीसच कात्री लावणें. धाकट्याचें म्हणणें, पेटींत ठेवलेलें लुगडें कोणाचेंच नसतें. दोन्हीं पक्षांत तथ्य होतें. त्यामुळें कित्येक दिवस पेटी उघडली गेली नाहीं. अखेर आई म्हणाली, "घडी करून ठेवलेलें वस्त्र घडीवरच विरतें. तुमच्या आजीनें जन्मभर जुनें फाडून नवें शिवलें. तुम्ही कां भितां?" तेव्हां चौघांसाठीं चार लहान गोधड्या कराव्या, प्रत्येक ९ इंच लांब व तितकीच रुंद, असें ठरलें. पहिली कात्री ताईनेंच लावली.

लहान गोधडीचें काम सोपें असतें असें कोणी समजूं नये. मोठ्या गोधडींतील वांकडा टांका हजारोंत लपतो; येथें तो चटकन् डोळ्यांत भरतो. प्रथम सर्व तुकडे धुऊन वाळविले, म्हणजे पुढें कापड आटून शिवण ओढली जात नाहीं. मग जाड व पातळ कापड निराळें केलें. कारण दोन्हीं शेजारीं शिवलीं असतां चुण्या पडतात. पदराचें रेशीम बोटांखालून निसटे. त्यास सुती कापडाचा आधार दिला. विरलेलें अंग पोटांत घातलें, पाठीस आजोबांच्या धोतराचें अस्तर लावलें, आणि कच्च्या टांक्यांनीं थर बसवून, कडेपासून आंत आंत जाणारा धांवदोरा घातला. आजीचा हात असाच फिरत असे. उरलेल्या तुकड्यांचा गुण हाच कीं, ते आपल्या मनासारखे कधींच नसतात. जेवढें आहे तेवढ्यांतच शोभा आणावी लागते.

ही विद्या आपल्याच प्रांतापुरती नाहीं. बंगालची कांथा जुन्या साड्यांचीच. उत्तर कानडांतील सिद्दी लोकांच्या पूर्वजांपैकीं पुष्कळांस पोर्तुगीजांनीं गुलाम करून आफ्रिकेंतून गोव्यास आणलें होतें. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या कवंदी शिवतात. अमेरिकेंत अलाबामा संस्थानांतील जीझ बेंड येथें गुलामांच्या वंशांतील स्त्रियांनीं शेतकामांत झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या केल्या, त्या थंडी निवारण्यासाठीं. इ. स. २००२ मध्यें त्याच गोधड्या ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयांत भिंतींवर मांडल्या गेल्या, आणि त्या शिवणाऱ्या स्त्रियांचीं नांवें जगास कळलीं.

हें वाचून आम्ही घरांतील सर्व गोधड्या उलटून पाहिल्या. आजीनें शिवलेल्या गोधड्यांवर दोन पिढ्या निजल्या. परंतु एकीवरही तिचें नांव नाहीं. पत्र लिहिणारा खालीं सही करतो, भांडें देणारा त्यावर नांव घालतो. रात्ररात्र जागून हजारों टांके घालणारीनें मात्र आपलें नांव कोठेंच ठेविलें नाहीं. म्हणून आम्हीं पदरांतूनच तांबडा धागा काढला, आणि चारही गोधड्यांच्या पाठीवर, धोतराच्या पांढऱ्या कापडावर, प्रथम आजीचें नांव घातलें व त्याखालीं शिवणाराचें.

या गोधड्यांनीं कोणाचीही थंडी भागणार नाहीं, हें आम्ही जाणतों. त्या भिंतीवर टांगल्या आहेत. परंतु ज्या हातांनीं आपली थंडी भागविली, ते हात कोणाचे हें त्या सांगतात. आमच्या वाचकबंधुभगिनींनींही आज घरीं जाऊन आपली गोधडी उलटून पाहावी. ती शिवणारी आजी किंवा आई हयात असेल, तर तिला जवळ बसवून तिच्याच हातून तिचें नांव त्यावर घालून घ्यावें. त्यास वीतभर दोरा पुरतो.