आजोबांचे पान

पंगत बसली की घरातील साऱ्यांचे लक्ष मुलांच्या पानाकडे असते. कोणी भाजी चिवडली, कोणी वरण टाकले, हे आई नेमके टिपते. परंतु कडेला बसलेल्या आजोबांच्या पोटात किती अन्न गेले, याची विचारपूस क्वचितच होते.

आजोबांना मधुमेह आहे आणि रक्तदाबही आहे. डॉक्टरांनी साखर वर्ज्य सांगितली, मीठ बेताचे सांगितले. आजोबा पथ्याचे पक्के! गोडधोड सुटले, लोणचे-पापड सुटले; येथवर ठीक झाले. पुढे शेजाऱ्यांच्या सल्ल्याने भात सुटला, मग फळेही सुटली. अळणी भाजी घशाखाली उतरेना, दातांअभावी भाकरी चावेना. अखेर रात्री चहा आणि दोन बिस्किटे एवढेच उरले. पथ्य बाजूला राहिले आणि उपास घडू लागला!

घरची माणसे म्हणतात, "वय झाले आता." पण अंगठी बोटात सैल होते, सदरा अंगावर लोंबतो, उंबरठा ओलांडताना हात भिंत शोधतो, हे सारे केवळ वयामुळे होत नाही. अन्न आणि प्रथिने कमी पडली की शरीर आपलेच स्नायू झिजवू लागते. स्थूल दिसणाऱ्या माणसाचीही अशी उपासमार होऊ शकते. त्यातच मधुमेहाच्या काही औषधांनंतर जेवण टाळले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. हात कापतात, घाम फुटतो, भोवळ येते.

एके काळी मधुमेही रोग्यांना अत्यल्प अन्नावर कसेबसे जगवीत असत. १९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि ती सक्तीची उपासमार संपली. मग ती आपल्या घरात पुन्हा का यावी?

पथ्य म्हणजे अन्नाचा त्याग नव्हे, अन्नाची निवड होय. मुगाचे मऊ वरण, ताजे दही, उकडलेले अंडे, लिंबू-जिऱ्याने रुचकर केलेली भाजी, मोजका भात, हे सारे आजोबांच्या पानात शोभते. प्रमाण मात्र डॉक्टरांनी ठरवावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर अवश्य ठरवावे.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसते. एकट्याचा घास लवकर आटोपतो, सोबतीने दोन घास अधिक जातात. ती सोबत नातवंडांनी द्यावी. आजोबांच्या औषधाची वेळ घरात सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या भुकेची वेळही ठाऊक असावी.