यादीतली प्रत्येक ओळ

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. तिथल्या मेलची व्यवस्था माझ्याकडे आली, तेव्हा वर्षानुवर्षं साठत गेलेल्या दोन याद्याही हातात आल्या. एक ब्लॉक लिस्ट, दुसरी अलाउ लिस्ट.

ब्लॉकची यादी भलीमोठी. लॉटरी, कर्ज, औषधं विकणाऱ्यांचे अर्थहीन अक्षरांचे पत्ते. मी सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधलं, तर त्यातले बहुतेक पुन्हा कधी फिरकलेच नव्हते. स्पॅम पाठवणारे पत्ता एकदा वापरून टाकून देतात. एकेक पत्ता अडवत बसण्यात वेळ जातो, हाती काही लागत नाही. स्वतःच्या पक्क्या डोमेनवरून रोज जाहिराती धाडणारे असतात, त्यांच्यापुरती ही यादी कामाची.

मला धास्ती वाटली ती छोट्या अलाउ लिस्टची. तिच्यात एकेकटे पत्ते नव्हते, अख्खी डोमेन होती. जीमेल डॉट कॉम होतं, आणि आमच्या कंपनीचं स्वतःचं डोमेनही होतं. हे कसं झालं असेल याचा अंदाज करता येतो. एखाद्या जॉबवर्कवाल्याचं बिल स्पॅममध्ये गेलं, त्याचा पत्ता जीमेलचा, पेमेंटवरून आरडाओरडा झाला आणि घाईघाईत सगळंच मोकळं करून टाकलं. ही घाई मी समजू शकतो. गिऱ्हाइकाचं सुधारित ड्रॉइंग मेलमध्ये अडकलं तर पॅटर्न शॉपपासून सगळं खोळंबतं.

पण ईमेलची घडणच अशी आहे की अशी सूट महागात पडते. एसएमटीपी हा मेल पाठवण्याचा नियम जॉन पोस्टेल यांनी 1982 साली लिहिला, तेव्हा नेटवर्क लहान होतं आणि एकमेकांवर विश्वास होता. पाठवणारा खरं नाव सांगतोय का, हे तपासायची सोय त्यात नव्हती. पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याच्या जागी कुणाचंही नाव लिहिलं तरी ते पोचतंच, तसं हे. आणि आमची अलाउ लिस्ट नेमकं तेवढं नावच बघत होती.

एका दुपारी अकाउंट्सच्या मॅडमनी हाक मारली. "सर, साहेबांचा मेल आलाय. सप्लायरचं खातं बदललंय, आजच पैसे भरा म्हणतायत. पण साहेब तर आत्ता शॉपफ्लोअरवर माझ्याशी बोलून गेले, काहीच म्हणाले नाहीत." पत्ता साहेबांचाच होता, अक्षरन् अक्षर बरोबर. उत्तर मात्र भलत्याच पत्त्यावर जाणार होतं. मी मेलचा हेडर उघडला. एसपीएफ फेल, म्हणजे आमच्या डोमेनच्या वतीने मेल पाठवायची परवानगी त्या सर्व्हरला नव्हती. डीकेआयएमची सही नव्हतीच. म्हणून या दोन्हींवर अवलंबून असलेली डीमार्कची तपासणीही फेल. इतकं सगळं कळूनही मेल थेट इनबॉक्समध्ये, कारण आमचं डोमेन अलाउ लिस्टमध्ये होतं. फिल्टरने चोर ओळखला होता. पण फिल्टरला बोलायची मुभा आम्ही ठेवली नव्हती. मॅडमनी विचारलं म्हणून पैसे वाचले. मला त्यांचं फार कौतुक वाटतं, पण एखाद्याच्या सावधपणावर कंपनीचं खातं सोडून देणं मला पटत नाही.

त्याच संध्याकाळी दोन्ही डोमेन यादीतून काढली. साहेबांची शंका रास्त होती: "गिऱ्हाइकाचा मेल स्पॅममध्ये गेला तर?" त्यासाठी रोज सकाळी स्पॅमचा फोल्डर मी स्वतः चाळतो. आता अलाउ लिस्टमध्ये फक्त पूर्ण पत्ता जातो, तोही एसपीएफ किंवा डीकेआयएम पास होत असेल तरच सूट मिळेल अशा अटीवर. शेजारी कुणी सांगितलं, कशासाठी आणि तारीख. कारण लिहिलेलं नसलं की पुढच्या माणसाला ती ओळ काढायचं धाडस होत नाही. आमची जुनी यादी त्यामुळेच तशी राहिली होती.

बऱ्याच ओळींची गरजही उरलेली नाही. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने त्यांच्या खात्यांवर मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सक्तीचे केले. जीमेलसाठी ही मर्यादा दिवसाला 5000 मेलची. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांनी आपापल्या नोंदी नीट केल्या आणि त्यांचे मेल आमच्याकडेही सुरळीत येऊ लागले. अडतात ते छोटे लोक. आमच्या सीएंच्या ऑफिसने मेलची सेवा बदलली, पण एसपीएफची नोंद जुनीच ठेवली. त्यांना नवी ओळ लिहून पाठवली आहे आणि फोनही केला आहे. तोवर त्यांचे मेल मी हाताने सोडवून अकाउंट्सला देतो. यादीत त्यांचा पत्ता घातलेला नाही.