डोळा दारावर असावा

मैत्रिणींनो, जव्हार-मोखाड्याचा पाऊस म्हणजे काय, ते इथे नांदल्याशिवाय कळायचे नाही! वीज गेली की कॅमेराही आंधळा. म्हणून आम्ही आधी इन्व्हर्टरची जोडणी घेतली, मग वळचणीखाली, हात पोचणार नाही अशी कोरडी जागा शोधली. चित्रण आतल्या मेमरी कार्डावर साठते, म्हणून इंटरनेट गेले तरी अडत नाही. पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलला.

दुसरा कॅमेरा स्वयंपाकघरात लावला. चार दिवसांनी पाहते तो काय, सासूबाई भिंतीकडे तोंड करून जेवताहेत! म्हणाल्या, "अगं, कुणी बघतंय म्हटलं की घास उतरत नाही." त्याच संध्याकाळी तो काढला.

तुम्ही कॅमेरा घ्याल, तेव्हा आधी घरच्यांना विचारा हं!