डोळ्यांखालची बोटभर जागा

मनुष्याच्या चेहऱ्यावरील सर्वांत प्रामाणिक भाग कोणता, असे मला कोणी विचारले तर मी ओठांचे, कपाळाचे किंवा प्रत्यक्ष डोळ्यांचेही नाव घेणार नाही. ओठांना हसू आणण्याचे शिक्षण आपण लहानपणापासून घेत असतो. कपाळावरच्या आठ्या प्रसंग पाहून घालता येतात आणि पुसताही येतात. डोळ्यांच्या खरेपणाविषयी कवींनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु उसने पैसे मागण्यास आलेल्या गृहस्थाच्या डोळ्यांतील स्नेहभाव ज्याने एकदा पाहिला, तो या बाबतीत कवींवर फारसा विसंबणार नाही. डोळ्यांच्या खाली, गालाचे हाड सुरू होण्यापूर्वी, जी बोटभर जागा असते तिला मात्र अभिनय येत नाही. आदली रात्र कशी गेली, घरात कोण आजारी आहे, हातातले काम किती दिवस पुरले आहे, हे ती न विचारता सांगून टाकते.

या साक्षीदाराचे तोंड बंद करण्याचे उपाय पूर्वीही होते. काकडीच्या चकत्या, बटाट्याचा रस, गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस आणि सर्वांवर शेवटचा हात म्हणून पावडर. हे सारे वरवरचे असे आणि तसे असल्याचे कोणी लपवीतही नसे. अलीकडे निघालेले उपाय कातडीच्या आत शिरतात, आणि त्यांची भाषा झाकण्याची नसून पुनरुज्जीवनाची असते. माझी भाची मुंबईस नोकरी करते. तिने आपल्या आईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, साठीला पाटल्या करण्याऐवजी असा उपचार भेट देण्याचे ठरवले, आणि चौलच्या वाडीत, नारळी-पोफळींच्या सावलीत, या विषयाचे अध्ययन करण्याची वेळ माझ्यावर आली.

अध्ययनान्ती जे समजले ते असे. या उपचारांतील एक प्रकार स्वतःच्याच रक्ताचा आहे. हातातून थोडे रक्त काढावयाचे, ते यंत्रात घालून वेगाने फिरवावयाचे, म्हणजे तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर द्रव उरतो. त्यातील जो भाग प्लेटलेटांनी संपृक्त असतो तो घेऊन बारीक सुईने डोळ्यांखाली टोचतात. 'प्लेटलेट' हा शब्द डेंग्यूच्या कृपेने आता आपल्या घराघरांत माहीत झाला आहे. रक्त गोठवणे हे या कणांचे काम. परंतु जखम झाली की भोवतालच्या पेशींना वाढीचा संदेश देणारी द्रव्येही ते सोडतात. त्या संदेशाने कातडी नवे कोलॅजन विणू लागेल, अशी या उपचाराची आशा असते. सुमारे महिन्याच्या अंतराने तीनएक वेळा सुई घ्यावी लागते, फळ दिसलेच तर सावकाश दिसते, आणि ते कायमचे नसते.

मला या योजनेतील एक गोष्ट मोठी मौजेची वाटली. थकलेल्या कातडीला येथे विश्रांती मिळत नाही. तिला बारीक बारीक जखमा करून, 'उठ, दुरुस्तीला लाग', असे सांगून पुन्हा कामाला जुंपले जाते. आपल्या संसारात थकलेल्या माणसांना जी वागणूक मिळते तिच्याशी हिचे साम्य थोडे नाही.

दुसरा प्रकार माशाचा. सामन किंवा ट्राउट या थंड पाण्यातील माशांच्या नराच्या रेतापासून डीएनए काढून, शुद्ध करून, त्याचे लहान तुकडे करतात आणि तो द्रव कातडीत टोचतात. दक्षिण कोरियात ही पद्धत विशेष लोकप्रिय झाली आणि तेथून ती इकडे आली. आमच्याकडे इंग्रजांच्या काळापासून रावसाला 'इंडियन सामन' म्हणण्याची पद्धत असल्याने, दारी मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीपर्यंत ही वार्ता 'रावसाचे इंजेक्शन' या रूपाने पोहोचली. वस्तुतः रावसाचे त्या माशाशी काही नाते नाही. नाव तेवढे साहेबाने चिकटवले. परंतु तिने पाटी उतरवता उतरवता विचारले, "भाऊ, रावस खाण्यापरीस टोचून घेतला तर जास्त लागू पडतो का?" याला मजजवळ उत्तर नव्हते. तिने मग उत्तराची वाट न पाहता रावसाचा भाव सांगितला.

तिसऱ्या प्रकाराची कथा तर मला काव्यमय वाटते. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर या दोन शास्त्रज्ञांनी गाईच्या डोळ्यातील काचेसारख्या पारदर्शक द्रवातून एक पदार्थ वेगळा केला आणि त्याला हायलुरॉनिक आम्ल असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'हायलोस' म्हणजे काच. पाणी धरून ठेवण्याची त्याची शक्ती विलक्षण आहे, म्हणून आज डोळ्यांखालची खळगी भरण्यास आणि कातडी ओलसर राखण्यास तो वापरतात. डोळ्याच्या आतून जे काढले तेच फिरून डोळ्याच्या दाराशी येऊन बसले.

आता प्रश्न असा की ही बोटभर जागा काळी का पडते? पापण्यांची कातडी आपल्या साऱ्या शरीरात सर्वांत पातळ. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कित्येक ठिकाणी त्याहूनही कमी. तिच्याखाली चरबीचा आधार जवळजवळ नाही, त्यामुळे खालचा स्नायू आणि निळसर शिरा तिच्यातून डोकावतात. वय वाढले की डोळ्याभोवतीची चरबी पुढे ओघळते, गालाची खाली उतरते, मध्ये खळगी पडते आणि खळगीत सावली साठते. कोणाच्या बाबतीत खरोखरीचा रंगच साठलेला असतो, आणि आपणा भारतीयांत हे अधिक आढळते. कोणी सर्दीच्या खाजेने डोळे चोळचोळून काळे करतो, तर कोणाला ते आजोबांकडून वारशात मिळतात. म्हणजे ज्या साक्षीदाराच्या प्रामाणिकपणाची मी आरंभी एवढी वाखाणणी केली, तो कित्येकदा स्वतः न पाहिलेल्या गोष्टींविषयीही साक्ष देत असतो.

आणि काळेपणाशी आपले वैर तरी कोठे जुने आहे? तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळी जमवावी, ती लोण्यात खलावी आणि तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत बोटाने भरावी, हा उद्योग आमच्या कोकणातील घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आला. मूल रडले की ते काजळ खाली ओघळून गालावर येई आणि आजी त्याला आणखीच सुंदर म्हणे. वर गालाला तीट लावीत, ती वेगळीच. डॉक्टर आता काजळ घालू नका म्हणतात आणि ते योग्यच आहे. परंतु डोळ्यांखालचा जो काळा रंग आम्ही हौसेने लावीत होतो, तोच काढण्यासाठी आज पाटल्यांचे पैसे मोडावे लागावेत, हा काळाचा विनोद लक्षात घेण्याजोगा आहे.

इतके सारे जमवून मी ताईकडे एक लहानसे व्याख्यान घेऊन गेलो. चेहऱ्यावरील खुणा ही आयुष्याची कमाई आहे, ती अभिमानाने मिरवावी, इत्यादी. ताईने ते शांतपणे ऐकून घेतले. तिच्या सासूबाई अर्धांगवायूने चार वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावे लागे, नाही तर पाठीला जखमा होत. डोळ्यांत तेल घालून जागणे हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. तो चार वर्षे अक्षरशः जगलेली मी पाहिलेली ही एकच व्यक्ती. सासूबाईंना जाऊन त्या वेळी दीड वर्ष झाले होते.

ती म्हणाली, "अरे, तू म्हणतोस ती कमाई माझीच आहे ना? मग ती कोणाला दाखवायची हेही मीच ठरवीन. मी आता नऊला निजते ती पाचला उठते. झाडांना पाणी घालते, भजनाला जाते, मला बरे वाटते. पण बाजारात भेटणारी प्रत्येक बाई विचारते, बरे नाही का हो? मग तिला सांगता सांगता ती चार वर्षे मला पुन्हा उघडावी लागतात. मी त्यातून उठले रे, माझा चेहरा अजून उठला नाही."

माझे व्याख्यान तेथेच संपले. सुंदर दिसण्याची हौस आणि आपल्या चेहऱ्याने आजचे खरे सांगावे ही इच्छा, यांत पुष्कळ अंतर आहे. डोळ्यांखालची जागा प्रामाणिक असेल, परंतु तिला काळाचे भान नसते. खटला मिटल्यावरही ती जुनीच जबानी देत राहते. अशा साक्षीदारास कोणी रजा देऊ म्हटले, तर त्यास दांभिकपणा म्हणवत नाही.

मांडव्याहून बोटीने आम्ही तिघे मुंबईस गेलो. ज्यांच्याकडे गेलो ते डॉक्टर मितभाषी होते. त्यांनी प्रथम रक्त तपासावयास सांगितले, आणि हिमोग्लोबिन कमी निघाल्यावर तीन महिने लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवले. रक्तक्षयाने कातडी फिकट पडते आणि खालचा काळेपणा अधिक उठून दिसतो, असे ते म्हणाले. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. ज्या प्रांतात हे चित्र आहे, तेथे पुनरुज्जीवनाची पहिली सुई कोठे टोचावी याचा विचार पालेभाजीपासून सुरू व्हावा हेच योग्य.

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी उरलेले सारे स्पष्ट सांगितले. खळगी हाडाची आणि चरबीची आहे, ती रक्ताच्या सुईने भरणार नाही. कातडीचा पोत थोडा सुधारेल, कदाचित सुधारणार नाही. या विषयावरील प्रयोग बहुतेक लहान आहेत आणि प्रत्येकाची कृती निराळी आहे. काही दिवस सूज येईल, निळे डाग दिसतील. डोळ्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांचे जाळे डोळ्याच्या आतील वाहिन्यांशी जोडलेले असल्याने, चुकून एखाद्या वाहिनीत औषध गेले तर दृष्टीलाही धोका पोहोचू शकतो; असे क्वचित घडते, पण घडल्याची नोंद आहे. म्हणून ही सुई शिकलेल्या हातानेच घ्यावी, केशकर्तनालयाच्या मागच्या खोलीत घेऊ नये. ताईने सारे ऐकून एकच प्रश्न केला, "यानंतर लोक विचारायचे थांबतील का?" डॉक्टर म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही."

तिने दोन वेळा सुई घेतली आणि तिसऱ्या वेळी, वाडीत सुपारी काढणीला आली आहे, असे सांगून जाण्याचे टाळले. फरक पडला का? भाचीला पुष्कळ दिसतो, कारण पैसे तिने भरले. ताई म्हणते, थोडा आहे. मला प्रकाश कोणत्या बाजूने येतो त्यावर तो अवलंबून वाटतो. बाजारातल्या बायका आता पूर्वीइतक्या विचारीत नाहीत हे मात्र खरे. परंतु याचे श्रेय सुईचे, लोहाच्या गोळ्यांचे, पुऱ्या झोपेचे, की आणखी एक वर्ष उलटल्याचे, याची वाटणी कोण करणार? चार औषधे एकाच वेळी घेतल्यावर कोणत्या औषधाने गुण आला हे एका रोग्यावरून सांगता येत नाही, आणि काळ हे तर न मागता मिळणारे औषध आहे.

चौलहून अलिबागेस जाताना वाटेत आक्षी लागते. त्या नावाची व्युत्पत्ती काही असो, मला ते ऐकून दर वेळी संस्कृतातील 'अक्षि', म्हणजे डोळा, हाच शब्द आठवतो. शिलाहार केशिदेवाच्या वेळचा मराठी शिलालेख येथलाच. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, मानला जातो आणि मराठीतील अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने त्याची अक्षरे झिजली आहेत. त्याला कोणी नवा मुलामा देऊ म्हणाला तर सारे संशोधक धावून येतील, आणि ते उचितच होय. परंतु दगड आणि माणूस यांत भेद आहे. दगडाला बाजारातून जावे लागत नाही, आणि 'बरे नाही का हो?' असे त्याला कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न सर्वांना सारखाच विचारला जातो असेही नाही. पुरुषाच्या डोळ्यांखाली काळे आले की 'फार काम पडते बिचाऱ्याला' असे म्हणतात. स्त्रीच्या आले की 'स्वतःकडे लक्ष देत नाही' असे म्हणतात. एकाच खुणेला एकीकडे बिरुद आणि दुसरीकडे दूषण. ताईची चार वर्षे ज्या घरात गेली त्या घरात माणसांचा तोटा नव्हता. परंतु रात्रीच्या दोनची पाळी वाटून घेण्याची रीत नव्हती, आणि ती आपल्यापैकी फारच थोड्या घरांत आहे. ज्याला घ्यावयाची त्याने सुई खुशाल घ्यावी. मला आता तिच्याविरुद्ध काही म्हणावयाचे नाही. मात्र त्या सुईच्या किमतीचा हिशोब मांडताना, 'आज तू नीज, मी जागतो', हे वाक्य घरात किती वेळा उच्चारले गेले, याचाही आकडा शेजारी लिहावा, एवढीच माझी सूचना आहे.