पिठाचा कोंबडा आणि ग्राफिक्स कार्ड

घरच्या घरी संगणक जोडायचा म्हटले की स्क्रू-ड्रायव्हर हाती धरणे हेच अवघड काम असावे, असे पुष्कळांना वाटते. जोडणीला एक दुपार पुरते. निवडीला मात्र आमच्या घरी दीड महिना लागला, कारण संगणक एक आणि त्याचे धनी दोन. थोरल्या मुलीला चित्रफितींचे संपादन करायचे होते. धाकट्या मुलाला खेळ खेळायचे होते. ही गोष्ट २०२३च्या दिवाळीनंतरची. खर्चाची मर्यादा मी आधीच सांगून ठेवली होती : पडदा, यूपीएस आणि करासह सारे मिळून एक लाख रुपये. परिग्रहाचे परिमाण आधी ठरवावे आणि मग बाजारात पाऊल टाकावे, ही माझ्या आईची शिकवण. सुट्या भागांच्या बाजारात ती फार उपयोगी पडते, कारण तेथे प्रत्येक वस्तूच्या पुढे दीड-दोन हजार रुपयांच्या अंतरावर तिच्याहून सरस वस्तू उभीच असते.

मुलीच्या कामाचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे. दशलक्षण पर्वातील प्रवचनांचे आणि त्याहून अधिक आवडीने आमच्या भागातील वृद्ध स्त्रियांच्या गाण्यांचे ती मोबाइलवर चित्रण करते. जन्मकल्याणकाचे पाळणे, आरत्या, लग्नघरातील गाणी. ही गाणी कोणत्याही वहीत उतरलेली नाहीत आणि गाणाऱ्यांपैकी दोघी आज हयात नाहीत. चित्रण साठत चालले होते. पण जुन्या लॅपटॉपवर ते उघडले की चित्र अडखळे आणि आवाज पुढे निघून जाई.

याचे कारण समजल्यावर निवडीला दिशा मिळाली. जागा वाचावी म्हणून मोबाइल प्रत्येक चित्र संपूर्ण साठवीत नाही. एखादे चित्र पूर्ण ठेवतो आणि त्यापुढच्या चित्रांत केवळ काय बदलले तेवढेच नोंदवतो. संपादन करताना मध्येच कोठे थांबायचे झाले, तर संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापासून हिशेब करीत यावे लागते. हा हिशेब करणारी स्वतंत्र यंत्रणा इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्समध्ये असते. तिला क्विक सिंक म्हणतात. म्हणून मुलीने कोअर आय-५ १३४०० हा दहा कोअरचा प्रोसेसर निवडला. मुलाने लगेच दाखवून दिले की याचाच नावापुढे ‘एफ’ अक्षर असलेला भाऊ स्वस्त मिळतो आणि खेळाला काडीचाही फरक पडत नाही. खरेच पडत नाही. पण त्या ‘एफ’चा अर्थच अंगभूत ग्राफिक्स वगळलेले, म्हणजे क्विक सिंकही गेले. तेथे अक्काची सरशी झाली.

एएमडीच्या रायझन ५ ७६०० चाही विचार झाला. त्याच्या मदरबोर्डवर पुढच्या पिढीचे प्रोसेसर बसण्याची आशा होती, तर आम्ही घेत होतो तो सॉकेट उताराला लागला होता. परंतु त्याला डीडीआर-५ रॅमच लागते आणि ती आमच्या मर्यादेत बसेना. डीडीआर-४ चालणारा बी७६० बोर्ड आणि सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. एकच बत्तीसची पट्टी न घेता दोन घ्याव्यात, म्हणजे माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. बोर्डावरील चार खाचांपैकी कोणत्या दोन वापरायच्या ते मात्र पुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

खरी लढाई ग्राफिक्स कार्डावर जुंपली. मुलाला आरटीएक्स ४०६० हवे होते : नवे, खेळात वेगवान आणि ११५ वॅटवर भागणारे. त्यात स्मृती ८ जीबी. मुलीला जुने आरटीएक्स ३०६० हवे होते : वेग कमी, वीज १७० वॅट, पण स्मृती १२ जीबी. दाविंची रिझॉल्व्ह हे तिचे संपादनाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, पण ते कार्डाच्या स्मृतीवर जगते; फोर-के चित्रावर रंगदुरुस्तीचे थर चढवले की ८ जीबी अपुरे पडू लागतात. दोघेही आपापल्या नयाने खरे बोलत होते, आणि एकेका नयालाच पूर्ण सत्य मानून भांडतही होते. घरात अनेकान्तावरची पुस्तके भरपूर आहेत, एवढेच येथे नोंदवतो.

या वादात माझी आई शिरली ती वेगळ्याच दाराने. तिने नातवाला विचारले, “या कार्डाने नेमकं काय होतं?” त्याने मोठ्या उत्साहाने एका युद्धखेळाचे दृश्य दाखवले. धूर, पाण्यातले प्रतिबिंब, गोळी लागून कोसळणारा सैनिक. आई थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “यशोधर राजानं पिठाचाच कोंबडा मारला होता.”

आपल्या वाचकांना ती कथा नव्याने सांगायला नको. मातेच्या आग्रहाखातर राजाने जिवंत पशूऐवजी पिठाचा कोंबडा देवीपुढे बळी दिला, आणि त्या संकल्पापायी मायलेकांना मोर, कुत्रा अशा योनींतून जन्मोजन्मी फिरावे लागले. प्राण पिठात नव्हता. पण मारण्याचा भाव मनात होता.

नातू गप्प बसणाऱ्यांतला नाही. “आज्जी, बुद्धिबळात तू माझा हत्ती मारतेस, तेव्हा?”

“हत्ती मारताना मला रक्त दिसत नाही रे,” आई म्हणाली. “ते दिसावं म्हणून तर तू हे तीस हजाराचं कार्ड मागतोयस.”

संकल्पी हिंसेवर मी अनेक प्रवचने ऐकली आहेत, पण ग्राफिक्स कार्डाचे इतके अचूक वर्णन कोठे ऐकले नव्हते. हे कार्ड खेळाचे नियम बदलत नाही. फक्त दिसणे खरे करते. प्रकाश कोणत्या कोनातून येईल, सावली कोठे पडेल, याची आकडेमोड ते करते. मग जे खरे भासावेसे वाटते ते काय आहे, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. तरीही मी सरसकट बंदीच्या बाजूचा नाही. फुटबॉल, मोटारशर्यत, नगर वसवण्याचे खेळ यांनाही हेच कार्ड लागते, आणि नगर वसवणाऱ्या खेळात माझा मुलगा नळपाण्याचे नियोजन ज्या चिकाटीने करतो तिचे मला कौतुक वाटते. मारण्यात रस घेणे आणि खेळात रस घेणे यांतली रेघ बाहेरून आखता येत नाही. ती ज्याची त्याने पाहायची. चौदाव्या वर्षी ती पाहता येईल का, याविषयी मी आणि त्याची आई अजून एकमत झालेले नाही.

अखेर १२ जीबीचे कार्ड आले. तीन-चार हजार वाचले, ते मुलाच्या मागणीकडे वळवले : १४४ हर्ट्झचा पडदा. तो आयपीएस जातीचा घेतल्याने मुलीलाही रंग खरे दिसतात. जुन्या पडद्यावर संगमरवरी मूर्ती निळसर दिसत असे. खेळ व संपादन यांसाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, आणि मूळ चित्रणासाठी २ टीबीची साधी हार्ड डिस्क. मोबाइलवरचे फोर-के चित्रण मिनिटाला साडेतीनशे मेगाबाइटच्या आसपास भरते, म्हणजे तासाला २० जीबीहून अधिक. म्हणून त्या गाण्यांची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर माझ्या बहिणीच्या घरी ठेवली आहे.

पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. प्रोसेसर कमाल १४८ वॅट, कार्ड १७०, इतर भागांचे पन्नास-साठ. त्यावर ५५० वॅटचा चांगल्या प्रतीचा सप्लाय पुरतो. दुकानदार बहुधा ६०० व्हीएचा यूपीएस पुढे करतात. तो साधारण ३६० वॅटच देतो, आणि खेळ रंगात असताना वीज गेली तर त्याच क्षणी मान टाकतो. आम्ही मोठा घेतला आणि त्याआधी घराचे अर्थिंग तपासून घेतले.

जोडणीच्या दिवशी प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवताना आई जवळच बसली होती. त्या सॉकेटमध्ये केसासारख्या सतराशे पिना असतात. एक वाकली तरी बोर्ड निकामी होऊ शकतो. मुलीने हात धुऊन, लोखंडी खिडकीला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज घालवली, दोन कडांनी प्रोसेसर उचलला, जागा नीट पाहिली आणि न दाबता अलगद ठेवला. “आदाननिक्षेपण समिती,” आई पुटपुटली. मुनींनी वस्तू पाहून, जपून उचलावी आणि ठेवावी याचा तो नियम; मुले हसली, पण पुढचा प्रत्येक भाग त्याच रीतीने बसला. आता दर पंधरवड्याला संगणक बंद करून जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडली जाते. उबेला आलेली एखादी मुंगी वा कोळी आधी हलक्या हाताने बाहेर काढायचा, मगच पंखा सुरू करायचा. ही जबाबदारी मुलाने स्वतःहून घेतली आहे.

पहिला पाळणा संपादित होऊन तयार झाला तेव्हा तो आईला दाखवला. साडेसात मिनिटांचा. तिने दोनदा पाहिला, आणि तिसऱ्या कडव्यात एक ओळ गाणारीने गाळली आहे, ती आपल्याला येते, असे सांगितले. मुलीने लगेच मोबाइल उभा केला. मुलगा पलीकडे आपल्या खेळाची वाट पाहत बसला होता. त्या युद्धखेळाला आईने अजून संमती दिलेली नाही.