खाडी आडवी येते तेव्हा

आम्ही माधवनगरची माणसे कृष्णेच्या खोऱ्यातली. द्राक्षबागा आणि हळदीचा वास ही आमची ओळख. समुद्र आमच्यासाठी सह्याद्रीपलीकडचा. तरीही सांगलीचे आणि त्या किनाऱ्याचे एक जुने नाते आहे. १८९८ साली सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९२० मध्ये शिरोड्याला शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले. गेल्या जानेवारीत आम्ही चार मित्र पाठीवर सॅक घेऊन मालवणहून शिरोडामार्गे तेरेखोलपर्यंत पायी गेलो.

आम्ही चौघे सेमिनरीत एकाच वर्गात होतो. तिघे धर्मगुरू झालो. चौथा गुरुदीक्षेला दोन वर्षे उरली असताना घरी परतला, बँकेत नोकरीला लागला, संसारी झाला. त्या काळी कोणी सेमिनरी सोडली की त्याविषयी बोलायचे नाही, असा अलिखित नियमच होता. आमची मैत्री तीस वर्षे टिकली, ती त्या एका विषयाला वळसा घालून.

नकाशात कोकणचा किनारा सलग रेघेसारखा दिसतो. पायी चालणाऱ्याला मात्र खाड्या जागोजाग अडवतात. १६६४ साली शिवरायांनी बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग मागे टाकून आम्ही तारकर्लीची वाळू तुडवीत देवबागला पोहोचलो. तेथे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये निमुळती होत जाणारी जमिनीची पट्टी. तिच्या टोकाला वाट संपते. समोर भोगवे दिसते. पण मध्ये पाणी.

होडीवाल्या दादांनी पाण्याकडे पाहिले आणि म्हणाले, “वायच थांबा.” भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, घरी बसून आखलेले वेळापत्रक तिला ठाऊक नसते. आम्ही सॅक उतरवून वाळूत बसलो.

तेथे तो आपणहून बोलला. “लोकांना वाटलं, मी हाक नाकारली. नाकारली नाही रे. वडील अंथरुणाला खिळलेले, पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या. हे त्या वेळी सांगितलं असतं तर निमित्त वाटलं असतं. म्हणून गप्प निघालो.” वडिलांची शुश्रूषा त्याने अकरा वर्षे केली होती. आम्ही तिघांनी अनेक आजाऱ्यांना अभ्यंग दिला आहे. पण एकाच खाटेपाशी अकरा वर्षे आमच्यापैकी कोणी बसलेले नाही. पाणी भरले, होडी आली, बोलणे तेवढ्यावरच राहिले.

भोगव्यापुढे निवतीकडे किनारा खडकाळ होतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर कालवांच्या धारदार कडा. पाय चुकला तर रक्तच. मग करवंदीच्या जाळ्यांतून वर सड्यावर चढायचे. हा सगळा जांभा दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. वारा-उन्हात राहून घट्ट होतो. चढावर आम्हा तिघांना धाप लागली, तेव्हा गावकऱ्यांना वाट विचारीत पुढे चालला तो चौथाच.

वेंगुर्ल्याची जुनी डच वखार पाहिली, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने गाजलेले शिरोडे पाहिले, रेडी ओलांडली आणि चौथ्या दिवशी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरलो. पोर्तुगीजांच्या अमलात असलेल्या या किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला होता. आत संत आंतोनीचे चर्च आहे. दार बंद होते. आम्ही बाहेरच उभे राहून सायंप्रार्थना म्हटली. सुरुवात त्याने केली. एकही शब्द तो विसरला नव्हता.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातही सेमिनरीतून वा कॉन्व्हेंटातून घरी परतलेला एखादा मुलगा, एखादी मुलगी असते. त्यांच्याविषयी आपण दबक्या आवाजात बोलतो, जणू त्यांचा प्रवासच संपला. खाडीपाशी वाट संपते, किनारा संपत नाही. तो पलीकडे चालूच असतो. अशा कोणाची गाठ पडली, तर ‘का परतलास?’ असे विचारू नका. पलीकडे काय काय भेटले ते विचारा, आणि ऐकायला सवडीने बसा.