आईची खुर्ची आणि वजनकाटा

मुर्ध्यातल्या आपल्या माणसांनो, जरा मोठी पोस्ट आहे, पण वाचा.

माझी आई तीन वर्षं कुणाच्या हळदीला गेलेली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. परवा खरं कारण बोलली, "त्या हळदीत माझ्याखाली प्लास्टिकची खुर्ची मोडली गं. पोरं हसली. आता नको वाटतं."

मागच्या महिन्यात तिला एका आरोग्य शिबिरात नेलं. उंची १५२ सेंमी, वजन ८२ किलो, बीएमआय ३५. "भात बंद करा, वजन उतरवा." दोन मिनिटांत आम्ही बाहेर! झोप लागते का, जिना चढवतो का, बाहेर जाता का, काहीच विचारलं नाही.

बीएमआय बघायलाच हवा. आपल्याकडे मधुमेह कमी वजनातही गाठतो, म्हणून भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरावा, असं तज्ज्ञांनी २००९ मध्ये ठरवलं. पण आईनं काय काय सोडलं, ते त्या आकड्यात दिसत नाही.

ते मोजायची पद्धत आहे. अमेरिकेत बनलेली 'आयडब्ल्यूक्यूओएल-लाइट' नावाची ३१ प्रश्नांची प्रश्नावली. हालचाल, स्वतःबद्दलचं मत, लैंगिक आयुष्य, चारचौघांतला त्रास आणि काम, असे पाच भाग. गुण ० ते १००. जितके जास्त, तितकं जगणं सुसह्य. आपलं वजन पेलेल अशी खुर्ची मिळेल का, ही काळजीसुद्धा त्यात विचारलीय. वाचून मी गप्पच झाले.

तरी आपले प्रश्न आपणच लिहायला हवेत. उत्तनच्या बसची पायरी चढवते का? शेअर रिक्षात बाजूची बाई तोंड वाकडं करते का? भाईंदर लोकलमध्ये चौथ्या सीटवर कुणी सरकून जागा देतं का? पंगतीत मांडी घालता येते का?

माझं मागणं साधं आहे. शिबिराच्या फॉर्मवर वजनाखाली असे पाच प्रश्न छापा, आणि सहा महिन्यांनी तेच परत विचारा. आणि मंडपवाल्यांनो, चार-पाच मजबूत लोखंडी खुर्च्या ठेवत जा, न सांगता.

आईचं वजन किती उतरेल, बघू. पुढच्या हळदीला ती आली, तर मी ती सुधारणा धरणार.

तुमच्या घरी कुणी असं जाणंयेणं बंद केलंय का? आज एकदा विचारून बघा.